मान खाली घाला, मेपल बघा!

ओसाकाच्या उमेदा स्टेशनवर हानक्यूची ट्रेन पकडायची, इशिबाशीला बदलायची, अर्ध्या तासात मिनोओ. नोव्हेंबरअखेर इथल्या ३३ मीटरच्या धबधब्याच्या वाटेवर ही गर्दी! सगळ्यांचे कॅमेरे वर, लालभडक मेपलकडे. तुम्ही मात्र खाली बघा.

झाडाखाली बोटभर रोपटी दिसतील. त्यांची पहिली खरी पानं अगदी साधी, कातरलेल्या कडांची. मेपलचा तो फेमस पंजा नंतर येतो. त्यातही कुणाला पाच बोटं, कुणाला सात, कुणाला नऊ. मेपलला जपानीत ‘काएदे’ म्हणतात, ते ‘बेडकाचा हात’ यावरून. आणि ‘इरोहा मोमिजी’ हे नाव पडलं, कारण पानाची बोटं इ-रो-हा-नि-हो-हे-तो अशी मोजायची. म्हणजे त्यांची जुनी अ-आ-इ-ई!

एवढ्या आवडलेल्या झाडाचं बी खिशात टाकायचा मोह होतोच. पण बॉस, पोरं आईवर जातीलच याची गॅरंटी नाही. म्हणून तिथले माळी आपल्या हापूससारखं कलम करतात. अशा हजारावर जाती त्यांनी जपल्यात.

निघताना मोमिजी तेंपुरा घ्याच. वर्षभर मिठात मुरवलेलं पान, गोड पिठात तळलेलं. पानाची चव कमी, कुरकुरीतपणाच जास्त.