एग्मोरची रुई

सरकारी नोकराने बाग करू नये, असे आमचे फार दिवसांचे मत होते. आपण झाड लावावे, त्याला पाणी घालावे, आणि ते फुलावर येण्याच्या सुमारास बदलीचा हुकूम यावा. फुले पाहावयाची ती मागून येणाऱ्या बिऱ्हाडाने! त्यामुळे चेन्नईस, एग्मोर भागात, तळमजल्यावरचे सरकारी घर मिळाले आणि त्यामागे दहा पावलांचे अंगणही आहे असे कळले, तेव्हा आम्हांस विशेष हर्ष झाला नाही. सौभाग्यवतींनी हौसेने मोगरा, गुलाब आणि शेवंती यांच्या कुंड्या मांडल्या, एवढेच.

२०१८ साली वडील वारले. साताऱ्याकडील गावचे घर बंद करून आई आमच्याकडे आली. भाषा परकी, माणसे परकी, रात्री स्थानकावरच्या गाड्यांचे आवाज. पण तिची तक्रार एकच होती, ती शनिवारची. गावी दर शनिवारी रुईच्या पानांची माळ करून ती मारुतीला घाली. येथे मारुतीला उडदाच्या वड्यांची माळ घालतात! ती पाहून आई म्हणाली, "देवाची सोय झाली की भक्तांची?" आम्ही हसलो, ती हसली नाही.

२०१९ च्या मे महिन्यात घर पाहावयास गावी गेलो. अंगणात, तुळशीवृंदावनाला खेटून, कमरेइतकी रुई उभी होती. आम्ही कोयता आणला. आईने आमचा हात धरला. "राहू दे रे," ती म्हणाली, "घरात कुणीतरी राहतंय." परतताना तिने रुईचे एक तडकू लागलेले फळ पदराच्या गाठीत बांधून घेतले.

त्या वर्षीचा चेन्नईचा उन्हाळा कोणी विसरणार नाही. पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही तलाव आटत आले होते. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले. टँकरपुढच्या रांगेत आम्ही घागर घेऊन उभे राहत असू, आणि इकडे कुंड्या एकेक करून वाळत होत्या. आईने मात्र त्याच दिवसांत भिंतीकडेच्या रेताड जमिनीत रुईचे बी टाकले. लहानपणी ज्यांना 'म्हातारी' म्हणून फुंकरीने उडवीत असू, त्या रेशमी तुऱ्यांतील चपटे दाणे तिने नखाने सोडविले आणि तांदूळ धुतलेले पाणी त्यांवर बेताने शिंपडले. सगळीच बिये उगवली नाहीत. एक रोप टिकले.

ते का टिकले, याचा उलगडा पान हातात घेतल्यावर होतो. रुईच्या पानावर पांढरी, लोकरीसारखी लव असते. बोटाने पुसली की खालचा हिरवा रंग दिसतो. पानाला रुपेरी झाक येते ती या लवेमुळे. तिच्यावरून ऊन परतते आणि पानातील ओल लवकर उडत नाही. मूळ सरळ खोल जाते. तिला हवे फक्त ऊन आणि निचऱ्याची जमीन. मुळाशी पाणी साचले तर मात्र ती कुजते. म्हणून पुढे ऑक्टोबरात येथील मोठा पाऊस सुरू झाला, तेव्हा आम्ही बुंध्याशी मातीचा उंचवटा केला. या झाडाची आम्ही केलेली सेवा ती एवढीच. तिचा चीक विषारी असतो, डोळ्यांत गेला तर फार इजा करतो. तेव्हा मुलांना दूर ठेवावे आणि पाने खुडल्यावर हात धुवावेत, हे सांगितले पाहिजे.

रोप गुडघ्याइतके झाले तोच शेजारच्या मामी आल्या. वयाने वडील, स्वभावाने मायाळू; पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. "एरुक्कु घरात लावू नये," त्या म्हणाल्या, "ज्या अंगणात एरुक्कु, ते घर ओस." आम्ही ते आईला मराठीत सांगितले, आणि सांगता सांगताच गावचे अंगण डोळ्यांपुढे येऊन आमची जीभ अडखळली. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांना सांग, रुईने घर ओस पडत नाही. माणसं जातात, मग रुई येते."

हे वाक्य तमिळमध्ये नेताना आम्हांस फार कष्ट पडले, आणि ते केवळ भाषेचे नव्हते.

पुढे १८९६ साली उघडलेल्या, पँथिऑन रस्त्यावरील कॉनेमारा ग्रंथालयात बसलो असता 'पुरनानूरु' या प्राचीन तमिळ संग्रहाचे भाषांतर हाती आले. त्यात कपिलर नामक कवीने पारी या दानशूराची स्तुती करताना एरुक्कुचा दाखला दिला आहे: कोणी असे सामान्य फूल वाहिले तरी देव ते नाकारीत नाही, तसाच पारीही कोणा याचकाला परतवीत नाही. आम्ही ते मामींना दाखविले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि "कपिलर म्हणतो म्हणजे…" एवढेच म्हणून पुस्तक परत दिले.

२०२० च्या पावसाळ्यानंतर रुई फुलली. आईला पांढऱ्या मांदाराची आस होती. फुले आली ती जांभळट, मधोमध मुकुटासारखी. काळे भुंगे गुणगुणू लागले. पांढऱ्या अंगावर काळेपिवळे पट्टे असलेल्या अळ्यांनी निम्मी पाने खाल्ली. आम्ही औषध आणावयास निघालो तर आईने अडविले. दोन आठवड्यांनी तांबूस फुलपाखरे अंगणभर झाली. दर शनिवारी अकरा पानांची माळ होऊ लागली. पुढल्या विनायक चतुर्थीला मामी सकाळीच परडी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या मातीच्या पिळ्ळैयारला एरुक्कुची माळ हवी होती. रथसप्तमीला स्नानाच्या वेळी अंगावर ठेवण्यासाठी त्यांनी सात पानेही नेली. ओस घराचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता बदलीचा हुकूम आला आहे. रुई मुळासकट हलत नाही. एवढे खोल मूळ काढू गेल्यास तुटते. घर परत करताना जी यादी भरून द्यावयाची, ती काल रात्री आम्ही भरली: पंखे चार, नळ पाच, खिडकीची फुटकी काच एक. अंगणातील झाडांना तीत रकाना नाही. आम्ही बराच वेळ लेखणी हातात धरून बसलो. मग समासात लिहिले, 'रुई एक. तोडू नये.' त्या शेऱ्याला कार्यालयीन अर्थ काही नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.

सकाळी आई अंगणात होती. फळ तडकले की नाही, हे ती पाहत होती.