मार्सेय : बंदर, बाजार आणि विश्वास

मराठी वाचकाला मार्सेलिस, म्हणजेच फ्रेंच उच्चाराप्रमाणे मार्सेय, हे नाव परिचित आहे ते एका उडीमुळे. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून नेले जात असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी याच बंदरात समुद्रात उडी घेतली. ते फ्रेंच भूमीवर पोहोचले. परंतु तेथील पोलिसाने त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले आणि १९११ मध्ये निर्णय ब्रिटनच्या बाजूने लागला. त्या घटनेच्या वेळी या बंदराचे वय अडीच हजार वर्षांहून अधिक होते.

इ.स.पूर्व ६००च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकेया नगरातून आलेल्या ग्रीक व्यापाऱ्यांनी येथे 'मस्सालिया' वसविले. चुनखडीच्या टेकड्यांच्या कुशीत शिरलेली एक अरुंद, सुरक्षित खाडी त्यांना गवसली. तीच आजचे 'जुने बंदर' होय. शतके लोटली, राज्ये बदलली; १४८१ मध्ये प्रोव्हान्स प्रांतासह हे नगर फ्रान्सच्या राजसत्तेखाली आले. १५९९ मध्ये येथे व्यापारी मंडळ स्थापन झाले. जगातील सर्वांत जुने चेंबर ऑफ कॉमर्स म्हणून ते ओळखले जाते. १६६९ मध्ये मंत्री कोल्बेर यांनी येथील बंदराला जकातीतून सवलती दिल्या आणि पूर्व भूमध्य समुद्रावरील रेशीम, कापूस, औषधी द्रव्ये यांचा ओघ मार्सेयकडे वळला.

येथील साबणाची ख्यातीही याच काळातील. १६८८ च्या राजाज्ञेने साबणात केवळ शुद्ध ऑलिव्ह तेल वापरण्याचे बंधन घातले. प्राण्यांची चरबी, इतकेच नव्हे तर लोणीदेखील वर्ज्य ठरले; भेसळ आढळल्यास माल जप्त होई. या कठोर नियमातूनच मार्सेयच्या साबणाला नाव मिळाले.

नियम पाळल्याने काय लाभते हे साबणाने दाखविले. तो वाकविल्याने काय गमवावे लागते, हे १७२० ने दाखविले. त्या वर्षी २५ मे रोजी 'ग्रां सें-आंत्वान' हे जहाज सिरियाच्या किनाऱ्याकडून मौल्यवान कापड घेऊन आले. प्रवासात अनेक खलाशी दगावले होते आणि इटलीतील लिव्होर्नो बंदराने जहाजाला प्रवेश नाकारला होता. संशयित जहाजाने दूरच्या जार बेटाजवळ थांबावे, ही रूढ व्यवस्था. परंतु जुलैमध्ये बोकेर येथील मोठा वार्षिक बाजार भरणार होता आणि मालात नगराच्या एका प्रमुख अधिकाऱ्याचाही हिस्सा होता. मौल्यवान कापड नगरालगतच्या विलगीकरण गृहात उतरविण्यात आले. तेथून काही माल गुपचूप वस्तीत गेला, असे मानले जाते.

काही आठवड्यांतच प्लेगने नगर व्यापले. सुमारे नव्वद हजार रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे मृत्युमुखी पडले. दुकाने बंद झाली, रस्त्यांवर प्रेते साचली. ती हलविण्यासाठी शव्हालिए रोझ यांनी जिवाची पर्वा न करता पुढाकार घेतला. बिशप बेल्संस रुग्णांना सोडून गेले नाहीत. सप्टेंबरमध्ये शासनाच्या आज्ञेने ते जहाज जार बेटाजवळ जाळण्यात आले. ज्या बाजारासाठी घाई केली, तो हुकला तो हुकलाच. शिवाय कित्येक महिने मार्सेयच्या मालाला इतर बंदरांची दारे बंद झाली.

तरीही नगर सावरले. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या अनेक प्रवाशांचे युरोपातील पहिले पाऊल येथेच पडू लागले. १९४३ मध्ये जर्मन सैन्याने जुन्या बंदरालगतची वस्ती सुरुंगांनी उद्ध्वस्त केली. तीही नव्याने उभी राहिली. आज अवजड मालवाहतूक पश्चिमेकडील फोस येथे सरकली आहे आणि जुन्या बंदरात शिडाच्या नौका डोलतात. टेकडीवरील नोत्र-दाम द ला गार्दचे प्रार्थनामंदिर अजूनही दर्यावर्दींना दुरून दिसते.

त्या जळालेल्या जहाजाचे अवशेष १९७८ मध्ये समुद्रतळाशी सापडले. त्याचा नांगर वर काढून मार्सेयच्या इतिहास संग्रहालयात जतन केला आहे. बंदराच्या वैभवाच्या अनेक खुणा नगरात विखुरलेल्या आहेत. व्यापाऱ्याने मात्र थोडा वेळ या गंजलेल्या नांगरापुढे थांबावे.