ताडोबाच्या वाटेवर

मोहर्ली गेटमधून आत शिरले की रस्त्याकडेला जुने दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळातले, असे गाईड सांगतात. आमच्या मुलांना मात्र मचाणांचे कुतूहल. पूर्वी खाली रेडकू बांधून साहेबलोक वर बंदूक घेऊन बसत, गावकरी हाका घालत. ताडोबात १९३५ साली शिकार थांबली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७२ च्या कायद्याने देशभर शिकारीला लगाम बसला.

दक्षिण आफ्रिकेत अजून कुंपणात वाढवलेला सिंह पैसे मोजून मारतात. बाटलीने दूध पाजलेला, पळायला जागा नसलेला. तिथल्या सरकारने २०२४ मध्ये हा धंदा टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. कुरैशची काही मुले बांधलेल्या पक्ष्यावर बाण मारताना दिसली, तेव्हा हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी त्यांना सुनावले होते: जिवंत जीवाला निशाणा करणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केली आहे. कुंपणातला सिंह याहून वेगळा तो काय?

परतताना एका गावात चहाला थांबलो. माणसे मारणारे वाघ पकडून नागपूरला गोरेवाड्यात ठेवतात. "फुकट पोसण्यापेक्षा शौकिनांना विकावेत," आमच्यातले एक भाईजान म्हणाले. शेजारी एक मावशी तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होत्या, सत्तर पानांचा एक. रोज पहाटे जीव मुठीत धरून जंगलात जाणाऱ्या.

"पिंजऱ्यातला मारून आमचं काय भलं होते जी?" त्या म्हणाल्या. "आमाले भेव बाहेरच्याचं हाय."

भाईजान गप्प झाले.