दोन सेंटीमीटरची उशी
माझ्या जुन्या एफ-३० बीएमडब्ल्यूला एकोणीस इंची अलॉय टाकताना मी सगळं तपासलं होतं: पाच बोल्ट, पीसीडी १२०, मधलं भोक ७२.६ मिलिमीटर. पुण्यात पोरं वळून बघायची. काय स्टाईल होती राव!

मग आईचं ऑपरेशन झालं. नांदेडहून कळमनुरीमार्गे हिंगोलीला घरी आणताना प्रत्येक खड्ड्याला ती ओठ दाबायची. बोलली मात्र काहीच नाही. आयुष्यभर एसटी चालवलेल्या बाबांनी टायरला बोटं लावली. ‘‘यात रबर कुठाय रे?’’

खरंच होतं. २२५/४० आर १९ ची भिंत ९० मिलिमीटर, मूळच्या २२५/५० आर १७ ची ११२. त्या दोन सेंटीमीटरमध्येच तर उशी असते!

पुढच्या तपासणीला जुनी सतरा इंची चाकं चढवली. आई नांदेडपर्यंत चक्क झोपली.