वस्ताद नावाचा उत्तरार्ध

मराठीत पैलवानाचे चरित्र बहुधा त्याच्या शेवटच्या मोठ्या कुस्तीपाशी संपते. फेटा बांधला जातो, हलगी कडाडते, खांद्यावरून मिरवणूक निघते आणि लेखक तिथेच आपली रजा घेतो. त्यानंतर तो माणूस आणखी तीस-चाळीस वर्षे जगतो, रोज पहाटे उठून हौद्याच्या कडेला उभा राहतो. पण त्या साऱ्या काळाची बोळवण 'पुढे त्यांनी अनेक मल्ल घडविले' एवढ्या एका वाक्यात होते. हे वाक्य आम्हांला नेहमीच खटकत आले आहे. आमचा जन्म शिकविण्यात गेला म्हणून ते खटकते, असे कोणी म्हटल्यास आमची हरकत नाही.

ज्या दोन मल्लांमुळे हा विचार आमच्या मनात घर करून राहिला, ते दोघेही जुन्या सातारा जिल्ह्यातले. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १९२६ चा. गणपतराव आंदळकर शिराळ्याकडील पुनवतचे, जन्म १९३५ चा. पुढे १९४९ मध्ये जिल्ह्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्याच १९६० साली आंदळकर हिंदकेसरी झाले. त्यामुळे सांगलीकर त्यांना आपले म्हणतात, सातारकर खाशाबांना आपले म्हणतात आणि दोघांनाही घडविणारे कोल्हापूर या भांडणाकडे पाहून हसत असावे.

खाशाबांची कथा आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेल्या या तरुणाला तिथे मॅटशी जुळवून घ्यावे लागले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. खात्यातल्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, खेळाडूंना शिकविलेही. पण त्यांची हयात गेली ती नोकरीत. १९८४ च्या ऑगस्टमध्ये अपघाताने त्यांना नेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला नाव मिळाले ते २०१० साली. सन्मान उशिरा झाले याची हळहळ सर्वत्र व्यक्त होते आणि ती योग्यच आहे. आम्हांला मात्र दुसरीच हळहळ वाटते. माती आणि मॅट या दोन्हींचे मर्म त्या काळी ज्यांच्या अंगी उतरले होते अशी माणसे देशात बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांपैकी एकाच्या हाती आपण शिट्टी आणि दंडुका दिला. पदकाची किंमत पुढे व्याजासह चुकती करता येते; न शिकविलेल्या विद्येची कशी करणार?

आंदळकरांच्या वाट्याला तालीम आली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळविले. हे सुवर्णपदक आम्हांला मोठे अर्थपूर्ण वाटते. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली धरता येत नाही, पायाचा उपयोगही करता येत नाही. म्हणजे पट काढणे नाही, एकलांगी नाही. आपल्या मातीतल्या कुस्तीचे निम्मे शब्दभांडार एका फटक्यात बाद. वृत्तात लिहिण्यात हयात घालविलेल्या कवीला अर्धे वृत्तच वापरायला मनाई करावी, तसे हे झाले. तरीही ते जिंकले. आमचा तर्क असा की, वस्ताद होण्याची खरी तयारी अशाच ठिकाणी होते. जे लहानपणी नकळत अंगी मुरले ते माणसाला करता येते, सांगता येत नाही. प्रौढ वयात, कळते शरीर घेऊन जो पुन्हा नव्याने शिकतो, त्याला प्रत्येक हालचाल वेगळी काढून पाहावी लागते; आणि जी वेगळी काढता येते, तीच दुसऱ्याला देता येते. १९६४ मध्ये ते टोकियो ऑलिंपिकला गेले, त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. लढणे थांबल्यावर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांनी जे आरंभिले, ते अखेरपर्यंत चालले. १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळविणारे दादू चौगुले त्यांचेच पठ्ठे.

वस्ताद काय करतो, हे बाहेरच्याला चटकन दिसत नाही. पहाटे चारच्या सुमारास पोरे उठतात, हौदा खणतात, जोर-बैठका मारतात. त्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घातलेला असतो. खेड्यातून आलेल्या पोराचा डबा एसटीने येतो, दूध-तुपाची तजवीज घर पोटाला चिमटा घेऊन करते. वस्ताद या सगळ्यावर नुसता उभा असतो. फार बोलत नाही. कोणाला कोणाशी खेळवायचे तेवढे सांगतो. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा, कान मोडलेला एक विद्यार्थी होता. दोन यात्रा उलटल्या तरी तो मैदानात उतरला नाही, म्हणून आम्ही सहज विचारले. तो म्हणाला, "सर, वस्ताद म्हणत्यात अजून जोड नाही." तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. तिसऱ्या वर्षी तो पुसेगावच्या यात्रेत लढला. त्याने कुस्ती मारली की नाही, हे येथे महत्त्वाचे नाही (मारली). पण वस्तादाच्या विद्येचे सार आम्हांला त्या एका शब्दात सापडले. जोड लावणे. हलक्या जोडीने पोरगा फुगतो, जड जोडीने मनातून मोडतो, आणि मनातून मोडलेला पैलवान शरीराने कितीही भरला तरी पुन्हा उभा राहत नाही. कोणते पुस्तक कोणत्या विद्यार्थ्याच्या हाती कोणत्या वर्षी द्यावे, हे ज्याने कधी मन लावून ठरविले आहे, त्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

'वस्ताद' हा शब्द उस्तादाचा मराठी अवतार. मराठीने तो बैठकीतून उचलून मातीत आणला, तमाशाच्या फडात नेला आणि वाटेत त्याला थोडा लबाडपणाही चिकटविला. 'मोठा वस्ताद आहे' हे काही नेहमीच कौतुकाने म्हटले जात नाही. 'प्रशिक्षक' या सरकारी शब्दाला असा कोणताच वास नाही. त्या शब्दाला पगार आहे, प्रमाणपत्र आहे, निवृत्तीचे वय आहे. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर ठरते. तिला गुणांचा हिशेब जाणणारा, प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती पाहणारा माणूस हवाच. वस्तादाच्या प्रेमापोटी हे नाकारणारे आमचे काही मित्र आहेत. त्यांनी खाशाबांचे लंडन आठवावे.

शासनाच्या दरबारीही हाच क्रम दिसतो. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. गुरूसाठी द्रोणाचार्य पुरस्कार यायला १९८५ साल उजाडले. शिष्य दिसल्यावर गुरू दिसायला चोवीस वर्षे लागली. त्या पहिल्या तिघा मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, हे किती मराठी वाचकांना ठाऊक असेल? आणि पुरस्काराला नाव निवडले तेही कोणाचे, तर अंगठा मागून घेणाऱ्या आचार्याचे! तालमीतला वस्ताद जातीपातीच्या पलीकडे सदैव पोहोचलेला होता, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. पण आपल्या पठ्ठ्याची ढाक आपल्याहून सरस पडावी, अशी इच्छा धरणारे वस्ताद आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या डोक्यावर हे नाव ठेवताना महाभारत कोणी नीट वाचले होते की नाही, असा प्रश्न पडतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये आंदळकर गेले. तेरा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, तालमीत पुढे स्वतः वस्ताद झालेले दादू चौगुलेही गेले. मृत्युलेखांत दोघांच्या कुस्त्यांच्या याद्या होत्या, सनावळ्या होत्या. कोणत्या पोराला कोणत्या वर्षी थांबविले आणि कोणाला सोडले, याची नोंद कुठेच नव्हती. ती नोंद ज्यांच्यापाशी आहे ती माणसे आज वाळवा, पलूस, खटाव, कराडकडच्या गावांतून उसाची पाणीपाळी सांभाळीत आहेत. त्यांतले पुष्कळ जण साठी ओलांडलेले. ती बोलतात, विचारले तर. साहित्याच्या आमच्या विद्यार्थ्यांनी एखादी सुटी त्यांच्या ओट्यावर घालवावी, ध्वनिमुद्रण करावे. विभागप्रमुख प्रबंधाचा विषय म्हणून त्याला मान्यता देणार नाहीत, तर मान्यतेवाचून करावे.

कुंडलच्या मैदानात निवेदक जोड पुकारतो, तेव्हा पैलवानाच्या नावामागे गाव सांगतो, तालीम सांगतो आणि मग म्हणतो, अमक्या वस्तादांचा पठ्ठा. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पैलवानाचे नाव येते, इनामाची रक्कम येते, आणि जागा उरली तर पाहुण्यांची नावे येतात.