रोवणीच्या दिवसातला रस्ता

रोवणी जोरात आहे. ट्रॅक्टरची केजव्हीलं बांधीतला चिखल डांबरावर आणून टाकतात आणि वरून रिमझिम पडली की रस्त्याचं साबण होतं. काल पवनीला परतताना वळणावर म्हशी आडव्या आल्या. ब्रेक दाबला. चाकं जाम झाली, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळ बांधाकडेच निघाली. पाय उचलला तेव्हा कुठं ती वळली. आणि ही माझी फोर-व्हील ड्राइव्ह, जिचा मला केवढा तोरा!

रात्री कॅलगरीच्या भाच्याला सांगितलं, तर हसला. "मामा, इथं बर्फातही ऐटीत निघालेले असलेच लोक खड्ड्यात सापडतात." खरंच आहे. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते ती गाडी पुढं न्यायला. ब्रेक काय, साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. धरतो तो टायर. तिकडं हिवाळ्यात थंडीतही मऊ राहणारं रबर लावतात. आमच्या टायरच्या खाचांत काळी माती बसली की नवा टायरही गुळगुळीत.

पुराचं वेगळंच. ऑगस्ट 2020 मध्ये गोसीखुर्द धरणाचे 33ही दरवाजे उघडले आणि वैनगंगा खाली पवनीत शिरली. फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते, दोन फुटांत माझ्या गाडीसारखीही वाहून जाते. तिथं मी सरळ गाडी मागं वळवतो.

आज सकाळी विळ्यानं टायरच्या खाचा खरवडल्या. टोपलंभर माती निघाली.