नदीच्या चालीनं

आउटबॅक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लाल माती, सरळसोट रस्ता आणि ताशी एकशेदहानं धावणारी गाडी येते. आमच्या ऑफिसातले लोक तर आउटबॅकचं वर्णन किलोमीटरमध्येच करतात. "चार दिवसात तीन हजार मारले!" मारले हाच शब्द. म्हशी मारल्यासारखा. मीही सॉफ्टवेअरवालाच, त्यामुळे थ्रूपुट मोजायची सवय हाडात मुरलेली. पण मागच्या एप्रिलमध्ये आम्ही डार्लिंग नदीच्या काठानं बर्क ते मेनिंडी असे गेलो, अंतर जेमतेम साडेचारशे-पाचशे किलोमीटर, आणि त्याला नऊ दिवस लावले. ऑफिसात सांगितलं तर एकानं काळजीनं विचारलं, गाडी बिघडली होती का?

बिघडली नव्हती. बाबा सोबत होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. आई गेल्यावर बाबा सहा महिन्यांसाठी सिडनीला आमच्याकडे आले. बाबा म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक. गोदावरीच्या उजव्या कालव्यावर कोपरगाव-राहात्याच्या पट्ट्यात उभी नोकरी झाली. घरात जास्त बोलायचे नाहीतच, आई गेल्यावर ते आणखी कमी झालं. ऑपेरा हाऊस दाखवलं, "छान आहे." ब्लू माउंटन्स दाखवले, "छान आहे." माझी लेक (वय वर्षं नऊ) म्हणाली, आजोबांना काहीच आवडत नाही. शेवटी बायको म्हणाली, त्यांना पाणी दाखव, समुद्राचं नको, नदीचं.

अ‍ॅनझॅक डेची सुट्टी आणि शाळेची सुट्टी जोडून निघालो. फोर व्हील ड्राइव्ह भाड्यानं घेतली, दोन तंबू, पाण्याचे कॅन (माणशी दिवसाला सात लिटर हा आमचा हिशोब), सॅटेलाइट फोन, आणि बाबांच्या आग्रहाखातर पाच किलो तांदूळ. बाबांचे गुडघे दुखतात, दोन तासांच्या वर गाडीत बसवत नाही. त्यामुळे नियम असा ठरला की दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, आणि दुपारी दोनच्या आत नदीकाठी तंबू. संध्याकाळी तसंही चालवू नये, कांगारू आणि एमू नेमके तेव्हाच रस्त्यावर येतात.

सिडनीहून बर्क साधारण पावणेआठशे किलोमीटर. इथे 'बॅक ऑफ बर्क' म्हणजे आपल्याकडे 'पार तिकडे' म्हणतात तसं, जगाच्या पलीकडे. आम्ही ब्रुवॉरिनावरून गेलो, कारण तिथे नदीच्या पात्रात आदिवासींनी रचलेले दगडी मासेसापळे आहेत. पात्रात जवळपास अर्धा किलोमीटर दगडांच्या अर्धवर्तुळाकार भिंती, माणसानं बांधलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या रचनांपैकी एक असं म्हणतात. कुठल्या कुटुंबानं कुठला सापळा सांभाळायचा हे ठरलेलं असे, आणि वरच्या लोकांसाठी मासे पुढे जाऊ द्यायचे हेही. बाबा काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "अरे, ही तर फड पद्धत." धुळ्याकडे पांझरेवर बंधाऱ्यांचं पाणी गावकरी पाळीनं वाटून घेत, त्याची गोष्ट त्यांनी नातीला पंधरा मिनिटं सांगितली. बायकोनं माझ्याकडे बघितलं. महिन्याभरातलं सर्वात मोठं वाक्य होतं ते.

नदीचं नाव हा एक विनोदच झाला. १८२९ मध्ये चार्ल्स स्टर्ट इथे पोचला आणि त्यानं गव्हर्नर राल्फ डार्लिंगचं नाव नदीला दिलं. दुष्काळ होता, इतक्या मोठ्या नदीचं पाणी त्याला प्यायला गेल्यावर खारट लागलं. आता ७८ वर्षांचा कोपरगावचा माणूस सुनेसमोर "डार्लिंग" कसा म्हणणार? बाबा "ही नदी" एवढंच म्हणत. नंतर कळलं की तिचं मूळ नाव बाका, आणि तिच्या काठचे लोक बार्किंजी, म्हणजे बाकाची माणसं. बाबांना हे एकदम पटलं. गोदाकाठचा माणूस तो. तेव्हापासून आमच्या घरात ती बाकाच :)

बर्कमध्ये एके काळी लोकरीच्या गाठी भरलेल्या वाफेच्या बोटी लागत. १८८३ चा लोखंडी पूल अजून उभा आहे, बोटी खालून जाव्यात म्हणून त्याचा मधला भाग वर उचलला जाई. गावाच्या दफनभूमीत पत्र्याची एक छोटीशी मशीद आहे, उंट घेऊन आलेल्या लोकांची. त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यात बलुची होते आणि आपल्याकडचेही होते. म्हणजे या रस्त्यावर देशी माणूस काही आम्ही पहिले नव्हे.

बर्कनंतर नदीच्या दोन्ही बाजूंनी रस्ते जातात. काही तुकडे डांबरी झालेत, बाकी कच्चा. टायरमधली हवा कमी करायची आणि निवांत जायचं. आणि इथे बाबांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं. "ही तर आपली काळी माती!" खरंच होती. कापसाची काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात पाय ओढणारी. बर्कच्या आसपास कापूस पिकतोही. तुम्ही नगर-मराठवाड्यातले असाल तर पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. लाऊथ सोडल्यावर एका मेंढपाळ स्टेशनच्या जागेवर तंबू टाकला (इथे हजारो एकरांच्या मेंढ्यांच्या रानाला स्टेशन म्हणतात, रेल्वेशी संबंध नाही), आणि रात्री पाऊस आला. फार नाही, पत्र्यावर तासभर वाजेल एवढा. सकाळी रस्ता बंद. ओल्या काळ्या मातीत गाडी घातली तर गाडी रुतते, रस्त्याची चाकोरी बिघडते आणि वर जबरी दंड. वाळेपर्यंत बसा. दोन दिवस बसलो.

सांगायचंय ते खरं म्हणजे याच दोन दिवसांबद्दल.

नेटवर्क नाही. करायला काही नाही. नदीकाठी प्रचंड रेड गमची झाडं, खोड इतकं रुंद की आम्ही चौघांनी हात धरले तरी पुरेना. (त्यांच्या खाली तंबू ठोकू नका. वारा नसतानाही मोठी फांदी अचानक मोडून पडते.) पहाटे कॉरेला पोपटांचा कलकलाट, गणपती मिरवणूक परवडली. दुपारी पेलिकन येऊन पाण्यावर उतरायचे, अगदी एअरबससारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं विचारलं, "आजोबा, ही नदी चालते तरी का? हलतच नाहीये." बाबा उठले. काठावर तीस पावलं मोजून दोन खुंट्या ठोकल्या, म्हणाले हे धरू पंचवीस मीटर. मग लेकीला वरच्या खुंटीपाशी काटकी टाकायला लावली, मला मोबाइलवर वेळ घ्यायला. पाच वेळा केलं. सरासरी सव्वाशे सेकंद. म्हणजे सेकंदाला वीस सेंटीमीटर. "वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून पंच्याऐंशी टक्के धरायचं." रुंदी पंचवीस मीटर, खोली काठी घालून आणि अंदाजानं सरासरी दीड मीटर. लेकीनं वाळूत गुणाकार केला. सेकंदाला साधारण सहा घनमीटर, बाबांच्या भाषेत सव्वादोनशे क्युसेक्स. "आमच्या उजव्या कालव्याला आवर्तनात याहून जास्त पाणी असतं," बाबा म्हणाले. गर्वानं नाही, आश्चर्यानं.

आश्चर्य वाटावं असंच आहे. डार्लिंगची लांबी १४७२ किलोमीटर, गोदावरीची १४६५. जवळपास सख्ख्या बहिणी. पण गोदावरी बंगालच्या उपसागरात जेवढं पाणी नेते त्याच्यापुढे ही धार म्हणजे काहीच नाही. आणि उतार? बर्क समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर उंच. तिथून खाली मरे नदीच्या संगमापर्यंत किलोमीटरला सरासरी पाच-सहा सेंटीमीटर उतार. टेबलावर सांडलेला चहा याहून घाईत असतो.

मग बाबांनी शेवटचा गुणाकार तोंडी केला. "दिवसाला पंधरा किलोमीटर. म्हणजे वारीची चाल."

आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, पालखी अठरा-एकोणीस दिवसात पोचते. बरोबर तीच चाल. मला हे फार आवडलं, मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "तुझ्या आईला वारीला जायचं होतं. दरवर्षी म्हणायची. आषाढात पाऊस लांबला की कालव्यावर बंदोबस्त, फाट्याफाट्यावर भांडणं. रजा मिळाली नसती असं नाही. मी मागितलीच नाही." एवढंच. आणि चहा ठेवायला सांगितला.

मी काही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. दुसरं कुठलं वाहन, दुसरा कुठला कार्यक्रम असता तर हे वाक्य आलंच नसतं, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे. ताशी एकशेदहाच्या वेगात माणसं "पेट्रोल किती उरलंय" एवढंच बोलतात.

त्या रात्री आभाळ धुऊन निघालं होतं. बाबा अगस्तीचा तारा शोधत होते दक्षिणेला क्षितिजाजवळ, कोपरगावात दिसतो तिथे. तो होता चांगला अर्ध्या आभाळावर! ध्रुव तर गायबच. मी त्यांना आकाशातला एमू दाखवला. इथले अनेक आदिवासी समाज ताऱ्यांऐवजी आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांतून आकृती बघतात. सदर्न क्रॉसजवळचा काळा डाग हे डोकं, मग लांब मान, आणि वृश्चिकेकडे पसरलेलं अंग. लेकीला लगेच दिसला, बाबांना दहा मिनिटांनी. घाई कोणालाच नव्हती.

रस्ता वाळल्यावर टिल्पा. तिथल्या पबच्या भिंतींवर फ्लाइंग डॉक्टर सेवेला देणगी देऊन आपलं नाव लिहितात, आम्हीही लिहिलं, बाबांनी मराठीत. मग विल्कॅनिया, एके काळचं मोठं नदीबंदर, आता देखण्या दगडी इमारती आणि शांत रस्ता. आणि शेवटी मेनिंडी.

मेनिंडीला मात्र मजा संपते. २०१८ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या जानेवारीपर्यंत इथे लाखो मासे मेले, आणि मार्च २०२३ मध्ये तर अंदाजे दोन ते तीन कोटी. पात्र दिसेनासं झालं होतं, नुसते पांढरे पोट वर केलेले मासे. पहिल्या वेळी दुष्काळ आणि शेवाळं, दुसऱ्या वेळी पूर ओसरल्यानंतरचा उकाडा, दोन्हीदा पाण्यातला प्राणवायू संपला. २०१९ मध्ये इथल्या विज्ञान अकादमीच्या समितीनं सरळ सांगितलं की नदीत पुरेसं पाणीच उरलेलं नव्हतं. वरचे कापूसवाले म्हणतात दुष्काळ होता, खालचे म्हणतात तुम्ही उचललंत. बार्किंजींना २०१५ मध्ये अठरा वर्षांच्या लढ्यानंतर या भूमीवरचा हक्क न्यायालयात मिळाला, पण हक्क मिळाला म्हणून नदीला पाणी येत नाही.

बाबा ऐकत होते. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हे भांडण त्यांनी कालव्यावर उभं राहून बघितलंय. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा, तरी पाऊस कमी झाला की जायकवाडीला पाणी सोडण्यावरून मोर्चे निघतातच. बाबा वरच्या बाजूचे. मी मुद्दाम खोचकपणे विचारलं, बाबा, मग बरोबर कोण? ते म्हणाले, "टेलच्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पाण्याचा हिशोब पुरा होत नाही. मी नोकरीत होतो तेव्हा टेलला आठवड्यातून एकदा जायचो. जीपमधून." थोडं थांबून, "चालत जायला हवं होतं."

तुम्ही जाणार असाल तर: एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जा, उन्हाळ्यात नको. बर्क, विल्कॅनिया जिथे मिळेल तिथे टाकी भरा. नॅशनल पार्कमधली कॅम्पची जागा आधी ऑनलाइन बुक करा, तिथलं लाकूड गोळा करू नका. माशा सहन करा. आणि वेळापत्रकात दोन दिवस रिकामे ठेवा, पाऊस पडो न पडो.

बाबा जूनमध्ये परत गेले. इथल्या नद्यांची पातळी आणि प्रवाह सरकार नेटवर रोज टाकतं, मी एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिलीय, ती बर्क, लाऊथ, विल्कॅनिया आणि मेनिंडीचे आकडे उचलते. दर रविवारी मी ते बाबांना पाठवतो. ते क्युसेक्समध्ये करून घेतात आणि फोनवर सांगतात की बर्कला वाढलेलं पाणी अजून विल्कॅनियाला पोचलेलं नाही, धीर धर. मग त्यावर अर्धा तास बोलणं होतं. पूर्वी आमचे फोन चार मिनिटांत संपायचे.

असो. आजचे आकडे पाठवायचेत. लाऊथला पाणी चढतंय.